बार्शी लाईट, चार बाय दोन फुटांत

बार्शी लाईट म्हणजे कुर्डुवाडी-बार्शी ही 1897 सालची नॅरोगेज रेल्वे. तिचं छोटं मॉडेल मला घरात हवं होतं. रुळांतलं अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. 1:87 प्रमाणात ते पावणेनऊ भरतं, म्हणून एन स्केलचा (मॉडेल रेल्वेतलं एक छोटं माप) 9 मिमी रूळ घेतला. पाव मिलिमीटर कोण मोजतंय!

जानेवारीत प्लायवूडवर रूळ ठोकले, जोड अगदी घट्ट बसवले. ती हौस एप्रिलमध्ये नडली. वरच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी भट्टीच असते; रूळ वळणावर फुगून उचलला गेला. आता जोडांत व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची फट ठेवतो. खऱ्या रेल्वेतले लोक हे दीडशे वर्षांपासून जाणून आहेत, मला मात्र डबा पडल्यावर कळलं.

जमीन मात्र अस्सल. मामांच्या शेतातली काळी माती वाळवून, आईच्या पिठाच्या चाळणीने चाळली (चाळणी नवी आणून दिली). मग तिच्यावरून चुंबक फिरवला, तर लगेच दाढी आली! आपली माती बेसाल्टची, तिच्यात लोहखनिजाचे कण. ते इंजिनाच्या मोटरला चिकटले की संपलं. चार वेळा फिरवल्यावर चुंबक स्वच्छ निघाला. फेव्हिकॉलमध्ये निम्मं पाणी आणि भांड्याच्या साबणाचा थेंब, ड्रॉपरने सोडलं. वाळताना माती तडकली. हुबेहूब मे महिना! त्या भेगा बुजवल्या नाहीत.

गवत जुन्या सोलापुरी टॉवेलच्या धाग्यांचं. बाभळी अजून जमत नाहीत, फुलकोबीसारख्या दिसतात.