दुखणे थांबले, म्हणजे पाय बरा झाला?

मांडीमागचा स्नायू फाटल्यानंतर दहाव्या दिवशी म्हापशाचा एक फुटबॉल विंगर माझ्या उपचारांच्या खोलीत जवळजवळ उड्या मारतच शिरला. ‘आतां कांयच दुखना,’ असे सांगून त्याने रविवारच्या सामन्याची परवानगी मागितली आणि मी ती नाकारली. काही वर्षांपूर्वी अशाच एका खेळाडूला मी हसतमुखाने सोडले होते. तिसऱ्याच सामन्यात तो मांडी धरून खाली बसला, आणि ती चूक सर्वस्वी माझी होती.

मांडीच्या मागच्या तीन स्नायूंना मिळून हॅमस्ट्रिंग म्हणतात. भरधाव धावताना पुढे झेपावलेला पाय जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी हे स्नायू ताणलेल्या अवस्थेतच त्याला लगाम घालतात, आणि त्यांतल्या बायसेप्स फिमोरिस या स्नायूचा लांब भाग बहुधा त्याच क्षणी फाटतो. जिना चढताना ही वेळ कधी येतच नाही. त्यामुळे घरात पाय दुखत नाही, यावरून मैदानाबद्दल काहीच कळत नाही.

स्वीडनचे संशोधक कार्ल आस्कलिंग यांनी २०१३ साली ७५ फुटबॉलपटूंवरील अभ्यास प्रसिद्ध केला. स्नायू लांब अवस्थेत असताना त्यावर भार देणारे व्यायाम करणारे खेळाडू सरासरी २८ दिवसांत, तर रूढ व्यायाम करणारे ५१ दिवसांत पूर्ण सरावाला परतले. त्यांतला पहिला व्यायाम अगदी साधा दिसतो: उताणे झोपून मांडी दोन्ही हातांनी काटकोनात धरायची आणि कळ येण्याच्या अलीकडेपर्यंत गुडघा सावकाश सरळ करायचा. आमच्या विंगरची पोटरी तिसऱ्या फेरीतच थरथरू लागली, तेव्हा तो थोडा वरमला.

मिरामार किनाऱ्याच्या वाळूत धावून पाय ‘मोकळा’ करण्याची आपल्याकडे फार हौस आहे. मला ती पटत नाही, कारण वाळूत पूर्ण वेग गाठताच येत नाही, आणि परत मिळवायचा असतो तो नेमका वेगच. म्हणून मी हिरवळीवर टप्प्याटप्प्याने वेग वाढवत नेतो.

मैदानात परतण्याआधीची शेवटची चाचणीही आस्कलिंग यांचीच आहे. गुडघा पट्ट्याने सरळ बांधून, झोपलेल्या स्थितीत पाय जमेल तितक्या झपाट्याने वर उचलायचा. विसाव्या दिवशी त्याने तो उचलला. दुखते का, हे मी विचारलेच नाही. भीती वाटते का, एवढेच विचारले. छताकडे पाहत तो म्हणाला, ‘मात्सो भंय दिसता,’ म्हणजे थोडी भीती वाटते. मी त्याला पुन्हा चाचणीसाठी चार दिवसांनंतरची वेळ दिली.