उतरत्या आलेखाची तपासणी

तपासायला आलेल्या मसुद्याचा सगळा भार एका आलेखावर होता. आडव्या अक्षावर शतके, उभ्या अक्षावर वाक्यातील सरासरी शब्दसंख्या, आणि रेघ सतत उतरती. जुन्या भाषा गुंतागुंतीच्या होत्या, आजच्या सोप्या झाल्या, म्हणजे माणसाची बुद्धी घसरते आहे, असा निष्कर्ष. मजकुरांची मोजणी हे माझे रोजचे काम, त्यामुळे हा दावा ओळखीचा होता. या वेळी मोजणीच्या मूळ फाइली सोबत आल्या, म्हणून पूर्ण दिवस त्यांना दिला.

पहिली गफलत पूर्णविरामाची निघाली. प्रोग्रॅम दोन पूर्णविरामांमधला मजकूर एक वाक्य धरतो. पण जुन्या मोडी कागदांत शब्दसुद्धा सलग लिहिलेले असतात; टिंब कुठे द्यायचे ते छापील प्रतीचा संपादक ठरवतो. ‘पाऊस थांबला. आम्ही निघालो. वाटेत अंधार पडला.’ शब्द 7, वाक्ये 3, सरासरी 2.3. मधल्या टिंबांच्या जागी स्वल्पविराम दिले की सरासरी थेट 7. सांगणाऱ्याची बुद्धी तीच.

‘शब्द’ मोजण्यातही तोच घोळ. मराठीत ‘घोड्यासाठी’ हा एक शब्द, हिंदीत ‘घोड़े के लिए’ हे तीन. शब्दवैविध्याचे तर विचारूच नका: वेगवेगळे शब्द भागिले एकूण शब्द, हे गुणोत्तर मजकूर लांबला की आपोआप उतरते, कारण ‘आणि’, ‘तो’, ‘आहे’ पुन्हा पुन्हा येतात. म्हणून नमुने सारख्या लांबीचे लागतात. 1961 च्या इंग्रजी मजकुरांच्या ‘ब्राउन कॉर्पस’ या अभ्यासासाठी जमवलेल्या संग्रहात 500 नमुने आहेत, प्रत्येकी सुमारे 2000 शब्दांचे. या मसुद्यात मात्र जुने उतारे तोकडे आणि नवी पुस्तके अख्खी घेतली होती.

मग विभक्तीचा तक्ता उघडला. संस्कृतात ‘देव’ शब्दाची 8 विभक्ती गुणिले 3 वचने अशी 24 घरे होतात. त्यांत प्रत्यक्ष वेगळी रूपे 17 च; द्विवचनाच्या आठ घरांत देवौ, देवाभ्याम्, देवयोः एवढीच तीन. मराठीत द्विवचन गेले हे खरे. पण ‘त्याने फळा पुसला’, ‘त्याने पाटी पुसली’, ‘त्याने टेबल पुसले’ पाहा. भूतकाळात क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या लिंगामागे जाते, आणि कर्माला ‘ला’ लागला की तेही सोडते: ‘त्याने मुलीला पाहिले’. संस्कृतात हे कर्मणी कृदन्ताच्या (क्रियापदापासून बनलेल्या, विशेषणासारख्या रूपाच्या) रचनेत होते. मराठीत सकर्मक भूतकाळाचा नेमच होऊन बसला. मसुद्यात गमावलेले सगळे मोजले होते, कमावलेल्याला रकानाच नव्हता.

मला सर्वांत निर्णायक वाटतो तो आइसलँडिकचा दाखला. आइसलँडिक आणि डॅनिश, दोन्ही जुनी नॉर्स या उत्तर युरोपातल्या जुन्या भाषेतून निघाल्या. आइसलँडिकने 4 विभक्ती आणि 3 लिंगे राखली; डॅनिशमध्ये नामाला षष्ठीचा ‘स’ उरला आणि लिंगे दोन. पूर्वज एक, काळ तेवढाच. बुद्धीने यातले काहीच उलगडत नाही; भाषा कोण शिकते याने बरेच उलगडते. मोठेपणी परकी भाषा शिकणाऱ्याला प्रत्ययांचे तक्ते जड जातात, मुले ते बोलता बोलता उचलतात. 2010 मध्ये गॅरी लुप्यान आणि रिक डेल या संशोधकांनी दोन हजारांहून अधिक भाषा ताडून पाहिल्या. बोलणारे जास्त, म्हणून मोठेपणी शिकणारेही सहसा जास्त, अशा भाषांत शब्दरूपे सर्वसाधारणपणे सोपी आढळली. शिवाय विसाव्या शतकात अनेक देशांत बुद्ध्यंक चाचण्यांचे गुण दर दशकात सुमारे 3 अंकांनी वाढले. तेही थेट बुद्धीचे माप नव्हे, पण घसरणीच्या दाव्याला आधार देत नाही.

संध्याकाळी मसुदा शेऱ्यांसह परत पाठवला. सर्व नमुने 2000 शब्दांवर तोडावेत. पत्राशी पत्र आणि कायद्याशी कायदा ताडावा. वाक्याऐवजी एका क्रियापदाभोवतीचे उपवाक्य मोजावे, तेही दोघांनी स्वतंत्रपणे, आणि दोघांच्या आकड्यांतला फरक आलेखाखाली छापावा.