गॅलापागोस: बेटावर पाय ठेवण्याआधीचे डॉलर

गॅलापागोसला जाणाऱ्याचे पैसे एकाच खिडकीवर जात नाहीत. पहिली खिडकी इक्वेडोरच्या मुख्य भूमीवर, विमानात बसण्याआधी. दुसरी बेटावर उतरल्या उतरल्या. आणि मग इसाबेला बेटावर गेलात की तिथल्या धक्क्यावर आणखी एक खिडकी आहेच. निघण्याआधी मी बऱ्याच जणांचे अनुभव वाचले. निम्म्यांनी जुने दर लिहिले होते आणि उरलेल्यांनी नुसताच त्रागा केला होता. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी व्हिसाचं उरकते. भारतीय पासपोर्टवर इक्वेडोरचा व्हिसा आधीच काढावा लागतो, २०१९ पासून. गॅलापागोससाठी वेगळा व्हिसा नाही, कारण तो इक्वेडोरचाच एक प्रांत आहे. पण किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटर पश्चिमेला, भर पॅसिफिकमध्ये असलेल्या या प्रांतात जायला खुद्द इक्वेडोरच्या नागरिकालाही परवाना लागतो. तिथे कोणी राहायचं, कोणी नोकरी करायची, पाहुण्याने किती दिवस थांबायचं हे सगळं १९९८ च्या खास कायद्याने बांधून दिलं. तो कायदा २०१५ मध्ये नव्याने लिहिला गेला. पर्यटकाला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. आपली रजा त्याच्या खूप आधी संपते, तो भाग वेगळा.

आम्ही क्विटोहून गेलो. ग्वायाकिलहूनही विमानं आहेत. विमानतळावर सरळ एअरलाइनच्या काउंटरला गेलात तर तुम्हाला परत पाठवतील. आधी ट्रान्झिट कंट्रोल कार्डाच्या खिडकीवर जायचं. या कार्डाला सगळे टीसीटी म्हणतात. पासपोर्ट, परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग दाखवायचं, २० डॉलर भरायचे, कार्ड घ्यायचं. खिडकीतली बाई परतीची तारीख दोनदा वाचून घेते. तिला तुम्ही किती हौशीने आला आहात यात काही रस नसतो, तुम्ही परत कधी जाणार एवढंच तिला हवं असतं. हे कार्ड परत येताना बेटावरच्या विमानतळावर द्यावं लागतं, तेव्हा ते पासपोर्टातच ठेवावं. माझा नवरा असले कागद शर्टाच्या खिशात ठेवतो, म्हणून दोन्ही कार्डं माझ्याकडे होती.

मग बॅगांची तपासणी. इथे बाँब किंवा चाकू शोधत नाहीत, फळं, बिया आणि माती शोधतात. आमच्या पुढच्या बाईंच्या पिशवीत एक सफरचंद निघालं. तपासनिसाने ते बाहेर काढून टेबलावर ठेवलं आणि शेजारच्या डब्याकडे बोट केलं. बाईंनी क्षणभर विचार केला, सफरचंद उचललं आणि तिथेच उभ्या उभ्या खायला लागल्या. मागे सगळी रांग खोळंबलेली. तपासनीस हाताची घडी घालून थांबला. शेवटी देठ आणि बिया असलेला गाभा त्याने हातमोज्यात घेऊन डब्यात टाकला तेव्हा रांगेतल्या दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. मग आमची बॅग स्कॅनरमधून गेली आणि तिच्या चेनला प्लास्टिकची पट्टी आवळून लावली. आता ती बेटावर पोचेपर्यंत उघडायची नाही. बुटांच्या तळव्याला चिखल नाही ना हेही पाहिलं जातं. ट्रेकचे बूट नेणाऱ्यांनी ते घरीच घासून धुवावेत.

एका सफरचंदासाठी एवढं कशाला, असं वाटणाऱ्यांनी सांता क्रूझ बेटाच्या वरच्या हिरव्या भागात जाऊन यावं. तिथे स्केलेशियाची झाडं आहेत, सूर्यफुलाच्या कुळातली, पण चांगली उंच वाढणारी, आणि ती जगात फक्त याच बेटांवर आहेत. त्यांच्या पायथ्याशी काटेरी झुडपांचं रान माजलंय. ते झुडूप आपल्याच बाजूचं आहे. दक्षिण आशियातली ही रास्पबेरी इंग्रजीत म्हैसूरच्या नावानेच ओळखली जाते. कोणीतरी चांगल्या हेतूने फळांसाठी आणली, पक्ष्यांनी खाल्ली, बिया सगळीकडे पडल्या. आता उद्यानाचे लोक ती कोयत्याने आणि तणनाशकाने उपटत बसले आहेत आणि ती पुन्हा उगवतेय. इतक्या लांब येऊन म्हैसूरच्या नावाचं झुडूप खलनायक म्हणून भेटावं, याची मला जरा गंमतही वाटली.

विमान उतरायच्या आधी हवाई सुंदरी डोक्यावरचे कप्पे उघडत गेली आणि त्यात कीटकनाशक फवारत गेली. वास फार नाही. दमा असेल तर तोंडावर रुमाल धरा, एवढंच.

आम्ही उतरलो तो बाल्ट्रा या छोट्या बेटावरचा विमानतळ कोरड्या, लालसर, काटेरी निवडुंगांच्या माळावर आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे अमेरिकेचा हवाई तळ होता. आत शिरलं की राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेश शुल्काची रांग. परदेशी प्रौढ माणसाला २०० डॉलर. बारा वर्षांखालच्या परदेशी मुलाला १००. दक्षिण अमेरिकेतल्या शेजारी देशांच्या, म्हणजे अँडियन समुदाय आणि मर्कोसूर गटातल्या, प्रौढ प्रवाशांना १००. इक्वेडोरच्या नागरिकाला ३०. हे दर १ ऑगस्ट २०२४ पासूनचे. त्याआधी परदेशी माणसाला १०० डॉलर होते आणि ते १९९८ पासून तसेच होते. म्हणजे जुने दर लिहिणाऱ्यांचाही फार दोष नाही. सव्वीस वर्षं तो आकडा हललाच नव्हता.

आमच्या पुढे एक इक्वेडोरचं कुटुंब होतं, आजी, आईवडील आणि दोन मुलं. आमची फी दुप्पट झाली, त्यांची मात्र ६ वरून ३० झाली, पाचपट. आकडा आमचा मोठा असला तरी धक्का त्यांना जास्त बसला असणार. वडिलांनी नोटा मोजल्या, आजी काहीतरी पुटपुटली, सगळे हसले. भाषा कळली नाही, पण सूर ओळखीचा होता. नाहीतर आपल्याकडेही परदेशी माणसाला ताजमहालाचं तिकीट कितीतरी पट महाग असतंच. तेव्हा आपण त्या खिडकीच्या स्वस्त बाजूला उभे असतो, म्हणून बोचत नाही.

हा पैसा उद्यानाकडे जातोच, शिवाय बेटांच्या नगरपालिका, तिथलं प्रांतिक प्रशासन आणि ती सफरचंदं पकडणारी जैवसुरक्षा यंत्रणा यांच्यात वाटला जातो. मला ही फी जास्त वाटली नाही. बेटांच्या जमिनीपैकी ९७ टक्के राष्ट्रीय उद्यान आहे, १९५९ पासून, आणि ते सांभाळायला काय काय करावं लागलंय ते वाचलं की २०० डॉलरचं ओझं थोडं हलकं होतं. खलाशांनी आणि वसाहतवाल्यांनी सोडलेल्या बकऱ्यांनी कासवांचा चारा फस्त केला होता. १९९७ ते २००६ या काळात सांतियागो बेट आणि इसाबेलाचा उत्तर भाग बकरीमुक्त करायला हेलिकॉप्टरमधून नेमबाज फिरवावे लागले. शेवटच्या लपलेल्या बकऱ्या सापडाव्यात म्हणून गळ्यात रेडिओ कॉलर घातलेल्या बकऱ्या सोडल्या; बकरी एकटी राहत नाही, कळप शोधत जाते, आणि तिच्या मागोमाग नेमबाज. ऐकायला क्रूर आहे. पण आज तिथे कासवं चरताना दिसतात ती त्यामुळे.

विमानतळावरून ५ डॉलरची बस, मग इताबाका खाडी ओलांडायला १ डॉलरची होडी, मग पलीकडे सांता क्रूझ बेटावरच्या पोर्तो आयोरा गावापर्यंत पुन्हा बस किंवा टॅक्सी. आम्ही टॅक्सी केली, पांढरी पिकअप, मागे सामान. चालक मुख्य भूमीवरचा होता. बायको बेटावर जन्मलेली, म्हणून त्याला इथे राहण्याचं कार्ड मिळालं. त्याचा सख्खा भाऊ मात्र येऊन राहू शकत नाही. पाहुणा म्हणून येतो, मुदत संपायच्या आत परत जातो. "तुम्हाला दोनशे डॉलर जड वाटतात," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "माझ्या भावाला पैसे देऊनही चालत नाही." यावर काय बोलणार.

नियमांचा खरा काच पैशापेक्षा चालताना जाणवतो. बहुतेक उद्यान-स्थळांवर परवानाधारक गाइडशिवाय जाता येत नाही, एका गाइडमागे जास्तीत जास्त सोळा माणसं, आखलेली वाट सोडायची नाही, प्राण्यापासून दोन मीटर लांब, फ्लॅश नाही, ड्रोन नाही. प्राण्यांना हे कोणी सांगितलेलं नाही. पोर्तो आयोराच्या मासळी बाजारात एक सी लायन ओट्याला टेकून, मासे कापणाऱ्या बाईच्या कोपरावर जवळजवळ नाक ठेवून उभी होती. मागे दोन पेलिकन. बाई एकीकडे गिऱ्हाइकाशी भाव करत होती आणि दुसरीकडे गुडघ्याने तिला मागे ढकलत होती. एक आतडं खाली पडलं, त्यावर तिघांची झुंबड. दोन मीटर राखायला मी मागे सरकले तर पाठीशी दुसरी सी लायन बाकावर झोपलेली.

आता माझी तक्रार. क्रूझ बोटींवर इथे कडक बंधनं आहेत. शंभराहून जास्त प्रवासी नेणारी बोट चालत नाही, एकाच ठिकाणी चौदा दिवसांच्या आत परत जाता येत नाही, एकूण खाटांची संख्याही ठरलेली. पण आमच्यासारखे, म्हणजे गावात हॉटेल घेऊन राहणारे आणि दिवसाच्या सहली करणारे, यांच्या आकड्याला तशी मर्यादा नाही. पर्यटकांची वाढ झाली ती मुख्यतः या बाजूने. २०२३ साली सव्वातीन लाखांच्या आसपास लोक येऊन गेले. बेटांवर कायम राहणारे तीसेक हजार. २००७ मध्ये युनेस्कोने गॅलापागोसला धोक्यातल्या वारशाच्या यादीत टाकलं होतं, २०१० मध्ये काढलं. फी वाढवणं सोपं आहे, खिडकी तीच राहते, पाटी बदलते. आकडा बांधायचा तर हॉटेलवाले, होडीवाले, टॅक्सीवाले सगळ्यांशी भांडावं लागेल. मला विचाराल तर २०० डॉलरने गर्दी कमी होणार नाही. जो विमानाला एवढे देतो तो इथे परत फिरणार नाही.

इसाबेलाला जायची स्पीडबोट साधारण दोन तास घेते आणि त्या दोन तासांबद्दल मी फार बोलणार नाही. उलटीची गोळी आधी घ्या आणि मागच्या बाजूला बसा. बोटीत चढण्याआधी धक्क्यावर पुन्हा बॅग उघडतात, कारण एका बेटावरचं बी दुसऱ्या बेटावर जाणंही तितकंच वाईट. त्याच द्वीपसमूहात फर्नांडिना हे बेट अजून असं आहे की तिथे बाहेरून आलेला एकही सस्तन प्राणी नाही, उंदीरसुद्धा नाही. ते ऐकल्यावर मी माझी बॅग स्वतःहून उघडून दिली. इसाबेलावरच्या पोर्तो व्हियामिल गावाच्या धक्क्यावर परदेशी माणसाला १० डॉलर, पावती देतात. बोटीतून धक्क्यापर्यंत नेणाऱ्या छोट्या होडीचा डॉलर वेगळा. या बारीकसारीक डॉलरांचा मला दोनशेपेक्षा जास्त वैताग आला. सगळं एकदाच घ्या ना बाबांनो.

रोख पैसे न्यायलाच हवेत. इक्वेडोरचं चलन २००० सालापासून अमेरिकन डॉलर हेच आहे, त्यामुळे बदलण्याची भानगड नाही, पण ५० आणि १०० च्या नोटा छोटे दुकानदार हातात घेत नाहीत. एक, पाच, दहाच्या नोटा भरपूर ठेवा, फाटक्या नकोत. कार्डावर विसंबून राहू नका.

आणि पीतज्वराची लस. गॅलापागोसमध्ये कोणी विचारत नाही. पण इक्वेडोर आपल्या सरकारच्या पीतज्वराच्या यादीत आहे, आणि लशीचं पिवळं कार्ड नसेल तर भारतात परतल्यावर विलगीकरणात बसवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते कार्ड लागू होतं, तेव्हा आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. सरकारी केंद्रांवर लस ठरावीक वारीच मिळते. आधी चौकशी करून जा.