बर्फाच्या प्रदेशातला दुष्काळ

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातील शेतकऱ्यांना दुष्काळाच्या पूर्वतयारीबद्दल सल्ला देणे हे माझे काम आहे, असे सांगितले की सोलापूरचे नातेवाईक हसतात, कारण जिथे सहा-सहा महिने बर्फ हटत नाही तिथे कसला दुष्काळ, अशी त्यांची समजूत असते. वास्तविक येथील रेजायना शहरात पाऊस आणि बर्फ धरूनही वर्षाला सरासरी 400 मिलिमीटर पाणी पडत नाही. सोलापूर त्याहून सुखी म्हणायचे. 2021च्या दुष्काळात कॅनडाचे गव्हाचे उत्पादन आदल्या वर्षीपेक्षा एक तृतीयांशाहून अधिक घटले होते.

यंदाच्या हिवाळ्यात मी एक दृश्य पाहिले आणि ते डोक्यातून जात नाही. एकाच बांधाच्या अलीकडच्या शेतात धसकटांमध्ये गुडघाभर बर्फ साठला होता, तर पलीकडच्या नांगरलेल्या शेतात काळी ढेकळे उघडी पडली होती आणि त्यांच्या वाट्याचा बर्फ वाऱ्याने रस्त्याकडेच्या चरात नेऊन टाकला होता. म्हणून येथील जाणते शेतकरी कापणीच्या वेळी पाते मुद्दाम उंच धरतात. काही जण तर नुसत्या ओंब्या ओरबाडून काढणारे यंत्र लावतात, म्हणजे काड जवळजवळ पूर्ण उभे राहते, बर्फ अडवते आणि वसंतात तेच पाणी जागच्या जागी मुरते. यातही एक गोम आहे. जमीन ओली असतानाच गोठली, तर मातीच्या छिद्रांत बर्फाचे बूच बसते आणि वितळलेले पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते. शेताचा हा तोटा तळ्याच्या मात्र पथ्यावर पडतो, कारण येथील शेततळी मुख्यतः याच वाहत्या पाण्यावर भरतात.

ही तळी दोन वर्षे पुरतील एवढी खोल खणावीत, असे आम्ही सांगतो. पाणी आटत गेले की त्यातील सल्फेट या क्षाराचे प्रमाण वाढत जाते आणि वरून नितळ दिसणारे पाणी गुरांच्या जिवावर उठते. म्हणून गुरे माळावर सोडण्यापूर्वी पाणी तपासून घ्या, हे मी प्रत्येक भेटीत सांगतो. बागवाल्यांसाठी सल्ला सोपा आहे: जमीन गोठण्यापूर्वी झाडांना एकदा खोलवर पाणी द्यावे आणि आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन करावे.

मला खटकते ते वेगळेच. वारा आणि बर्फ अडवणाऱ्या झाडांच्या रांगांसाठी याच प्रांतातील इंडियन हेड या गावची सरकारी रोपवाटिका 1901पासून शेतकऱ्यांना रोपे पुरवत होती. 2013मध्ये सरकारने ते काम थांबवले आणि आता अवजड यंत्रे वळवायला अडचण होते म्हणून अनेक जण उभी झाडेही उपटत आहेत. अशा वेळी मी हिवरे बाजारचा दाखला देतो: तिथे गाव एकत्र बसून पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून पिके ठरवते, तर येथे ज्याचे तळे त्याच्यापुरते. ऐकणारे भारावतात. मग कुणीतरी विचारतो की तुमच्या दुष्काळी जिल्ह्यात मुख्य पीक कोणते, आणि उसाचे नाव घेण्याआधी मी ज्वारीबद्दल बरेच बोलून घेतो.