तुम्ही विचारलंत म्हणून : मांडणीवर अंथरलेला अहवाल

प्रशिक्षणाला गेलं की चहाच्या सुट्टीत एखादी नवीन शिक्षिका हमखास जवळ येते. "मॅडम, कॉमर्स शिकवायला तुम्ही साहित्य काय वापरता? पीपीटी असतील तर पाठवा की." फोनवरही हेच विचारलं जातं. सायन्सवाल्यांना प्रयोगशाळा आहे, भूगोलाला नकाशे आहेत, आणि आपल्याकडे खडू आणि पुस्तक, ही त्या प्रश्नामागची अडचण मला पुरती माहीत आहे. कोल्हापूरजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी बावीस वर्षं अकरावी-बारावीला शिकवतेय आणि त्यातली पहिली सहा-सात वर्षं मीही असंच इतरांना विचारत फिरले. उभ्या उभ्या त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

माझ्याकडे पीपीटी नाहीत. एक जुनी बॉक्स फाइल आहे आणि तिच्यात सगळ्यात वर असतात सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल.

आपल्या जिल्ह्यात हा कागद ज्या घरात येत नाही असं घर मला अजून भेटायचंय. गावात दूध संस्था असते, विकास सोसायटी असते, एखादी पतसंस्था असते, आणि ऊस असला तर कारखान्याचा शेअर असतोच. मार्चअखेर वर्ष संपतं, वार्षिक सभा सप्टेंबर संपायच्या आत घ्यावी लागते, त्यामुळं पावसाळा सरता सरता घराघरात अहवाल येऊन पडतात. पुढं त्यांचं काय होतं तेही तुम्हाला माहीत आहे. गौरीच्या हळदीकुंकवाला मी एका विद्यार्थिनीच्या घरी गेले होते. तिची आई चहासाठी साखरेचा डबा उचलायला गेली आणि मांडणीवर डब्याखाली मला छापील ताळेबंद दिसला. वर डब्याच्या बुडाचा गोल तेलकट डाग, खाली 'भांडवल व देणी'. त्याच आठवड्यात मी वर्गात ताळेबंदच शिकवत होते, पुस्तकातल्या कुठल्यातरी काल्पनिक व्यापाऱ्याचा. तिच्या आईला विचारून तो कागद मी पर्समध्ये घालून आणला.

दुसऱ्या दिवशी झेरॉक्स काढून बाकाला एक याप्रमाणे दिली आणि एवढंच विचारलं, "ठेवी कुठल्या बाजूला आहेत बघा."

सगळ्यांची नजर उजवीकडं, 'मालमत्ता व येणी'त. तिथं नाहीत. सापडल्या त्या डावीकडं, देण्यांत. वर्गात गलका झाला. मागच्या बाकावरचा एक पोरगा उभा राहिला, "मॅडम, छापताना चुकलंय. ठेवी म्हणजे संस्थेकडं आलेला पैसा. देण्यात कशाला टाकतील?"

मी म्हटलं, "तुझ्या घरात कुणाची ठेव आहे?"

"आईची."

"पावती कुणाकडं असते?"

"आईकडं. ट्रंकेत."

"मुदत संपल्यावर कोण कुणाकडं जातं पैसे मागायला?"

तो बोलायला लागला आणि मधेच थांबला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे आईचं ते येणं, आणि संस्थेचं देणं. एकच रक्कम, दोन्हीकडं."

एका व्यवहाराच्या दोन बाजू हे मी फळ्यावर कितीदा लिहिलं असेल, त्याचा हिशेब नाही. पण त्या पोराच्या तोंडून ते आलं तेव्हा वर्ग गप्प झाला. इटलीतल्या लुका पाचोलीनं ही पद्धत 1494 साली छापील ग्रंथात मांडली, ते मी त्यानंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर ते एका गुणाच्या प्रश्नाचं उत्तर होऊन बसलं असतं. आणि आणखी एक. जमा, नावे, खतावणी, तेरीज, शिल्लक हे आपल्या पेठेतल्या वह्यांमधून आलेले शब्द आहेत. मराठी माध्यमाच्या मुलांना आपली भाषा कॉमर्सला कमी पडते असं वाटत असतं. त्यांच्या पणजोबांच्या पिढीतला दुकानदार ह्याच शब्दांत हिशेब ठेवायचा, हे त्यांना सांगाच.

एका अहवालावर माझे सात-आठ तास जातात. नफा विभागणीचं पान घ्या. सहकार कायद्यानं नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीला टाकावा लागतो आणि लाभांश 15 टक्क्यांच्या वर देता येत नाही. मुलांना नुसती बेरीज-टक्केवारी करायला लावायची आणि मग विचारायचं, सगळा नफा वाटून का टाकत नाहीत? संघटनांच्या प्रकारांचा तो तक्ता, जो मुलं 'फरक स्पष्ट करा'साठी घोकतात, तो इथं आपोआप निघतो. "आमच्या आज्जीचा एकच शेअर हाय आणि चेअरमनचे ढीगभर असतील, तरी मत एकच?" असं एका मुलीनं विचारलं होतं. तिला कंपनी आणि सहकारी संस्था यांतला फरक पुन्हा सांगावा लागला नाही.

पहिल्या पानावरची सभेची नोटीससुद्धा सोडू नका. विषयपत्रिका, मागील इतिवृत्त कायम करणे, आणि खाली बारीक टायपातली ती टीप : गणपूर्तीअभावी, म्हणजे ठरलेल्या किमान संख्येइतके सभासद न आल्यामुळं, सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल व तिला गणपूर्तीची गरज राहणार नाही. चिटणीसाची कार्यपद्धती हा विषय पोरांना सगळ्यात रूक्ष वाटतो. पण ही टीप वाचून दाखवली की विचारतात, मग पहिल्या सभेला कोण येतच नसेल की? तिथून लोकशाहीवर जी चर्चा होते ती मला थांबवावी लागते.

या कागदाबद्दल मी इतकं जीव तोडून का सांगते त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आज्जीची ठेव एका पतसंस्थेत अडकली. संस्थेचं नाव इथं घेत नाही. भाजी विकून साठवलेले पैसे होते. मुलीनं घरातले मागचे तीन अहवाल शोधून आणले, म्हणाली, "मॅडम, यात काय लिहिलंय ते मला दाखवा." आम्ही ते तिन्ही बाकावर शेजारी शेजारी मांडले. थकबाकीचा, म्हणजे कर्जदारांकडून वेळेत परत न आलेल्या पैशांचा, आकडा दरवर्षी वाढत गेलेला. लेखापरीक्षणाचा वर्ग, म्हणजे हिशेब तपासणाऱ्यानं संस्थेला दिलेली श्रेणी, पहिल्या वर्षी 'अ', मग 'ब', मग 'क'. सगळं छापलेलं होतं, पोस्टानं घरी आलेलं होतं. आज्जीला वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांनी पान उलटलं नव्हतं. ती मुलगी रडली नाही, बोटानं तो 'क' पुसायचा प्रयत्न केल्यासारखी घासत राहिली. मला तो तास आजही जसाच्या तसा आठवतो.

तेव्हापासून माझ्या वर्गातलं प्रत्येक मूल दोन गोष्टी शिकून बाहेर पडतं. एक, अहवाल हातात आला की लेखापरीक्षण वर्ग आणि थकबाकी आधी बघायची. दुसरी, बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. हा फरक बोर्डाच्या पेपरात आला नाही तरी चालेल, घरात बोलला गेला पाहिजे.

फाइलीत अहवालाखाली दुधाची बिलं आहेत. गोकुळ दूध संघ 1963 साली स्थापन झाला आणि त्यानंतर आपल्याकडं दुधाचं बिल ही पगारासारखी गोष्ट झाली. दर दहा दिवसांचा हिशेब : सकाळ-संध्याकाळचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर, रक्कम, आणि शेवटी पशुखाद्याची कपात. गुणवत्तेप्रमाणे दर म्हणजे काय, हे या एका चिठ्ठीवरून कळतं. मी मुलांना सांगते, एका महिन्याचा म्हशीचा नफा-तोटा काढून आणा. बहुतेकजण बिलातून पेंडीचे पैसे वजा करून मोठा नफा दाखवतात. मग एखादं शहाणं पोर विचारतं, वैरण आपल्याच रानातली, तिची किंमत धरायची का? धरायची, कारण विकली असती तर पैसे आले असते. गेल्या वर्षी एकानं तेही धरलं, औषधपाणी धरलं, आणि वही माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "मॅडम, आईचे तास कुठं लिहू? पहाटे पाचला उठती ती." त्यानं तास मोजले होते. शेण काढणं, वैरण आणणं, दोन वेळच्या धारा. शेतमजुरीच्या दरानं लावले तर म्हैस तोट्यात जात होती. त्या दिवशी खर्चाचा धडा तिथंच थांबवला आणि सगळ्यांना आपापल्या आईचे तास मोजून आणायला सांगितले.

गुळाची पट्टीही ठेवा, म्हणजे अडत्यानं शेतकऱ्याला दिलेला हिशेब. वजन, दर, एकूण, मग हमाली, तोलाई, गाडीभाडं, घेतलेली उचल, आणि खाली हातात पडलेली रक्कम. जमलं तर मार्केट यार्डात एका सकाळी सौद्याला मुलांना न्या. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरीची पेठ वसवली ती मुख्यतः गुळाच्या व्यापारासाठी, हे तिथं जाताना गाडीतच सांगून टाका. एकदा बोली सुरू झाली की तुमचं कुणी ऐकत नाही. घाऊक व्यापारी, दलाल, गोदाम, वाहतूक ही पुस्तकातली वेगवेगळी शीर्षकं तिथं एकाच शेडखाली ओरडत असतात.

विपणनाला चप्पल पुरते. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे मिळून. ट्रेडमार्क एका मालकाचा असतो, विकताही येतो. मानांकन त्या भागातल्या कारागिरांचं, ते कुणाला विकता येत नाही. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि आपल्याकडं गदारोळ झाला, तेव्हा माझ्या वर्गाला हा फरक आधीच ठाऊक होता. पोरं घरी मोठ्यांना समजावून सांगत होती. चप्पल लाइनीत जाऊन एका जोडाची किंमत कारागिरापासून दुकानापर्यंत कशी वाढत जाते ते टिपून आणा, असा प्रकल्प मी देते. स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या तयार प्रकल्पवह्या मी तपासायलाच घेत नाही. त्यातून मूल सुंदर अक्षराशिवाय काही शिकत नाही.

ग्राहक संरक्षणाला रिकामी पाकिटं आणि बिलं पुरेशी आहेत. बिस्किटाच्या पुड्यावरचा चौदा आकडी परवाना क्रमांक, सोन्याच्या पावतीवरचा हॉलमार्कचा सहा अक्षरी क्रमांक, 1915 ही हेल्पलाइन. एक तास, झालं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, ती मोबाइलमध्ये ठेवा. व्हिडिओ हवे तर दाखवा, फेयॉलची व्यवस्थापनाची तत्त्वं सांगताना मीही दाखवते. पण व्हिडिओ संपल्यावर मुलांकडं विचारण्यासारखं काही उरत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता एक चूक सांगते, ती तुम्ही करू नका. सुरुवातीला मी सरळ सांगायचे, घरातला कुठलाही आर्थिक कागद घेऊन या. एका मुलानं सोनेतारण कर्जाची थकबाकीची नोटीस आणली. त्यानं ती वाचली नव्हती, दिसली ती उचलली होती. शेजारच्या मुलानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, वडिलांचं नाव, आईच्या दागिन्यांचं वजन, लिलावाची तारीख. मी धावत जाऊन कागद घेतला, पण तोवर उशीर झाला होता. तो मुलगा पंधरा दिवस कॉलेजला आला नाही. मी त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईवडिलांची माफी मागितली. त्या माउलीनं मला चहा दिला, त्यानं मला जास्तच अपराधी वाटलं.

म्हणून आता नियम असा : कागद माझ्याकडं एकांतात द्यायचा, मी झेरॉक्स काढणार, नाव, खाते क्रमांक, मोबाइल नंबर पांढऱ्या पट्टीनं झाकून पुन्हा झेरॉक्स काढणार, आणि मूळ कागद त्याच दिवशी परत. कर्जाचे कागद मुलांकडून घ्यायचेच नाहीत. ते शिकवायचे तर स्वतःचे वापरा. माझ्या घरकर्जाचा हप्त्यांचा तक्ता बारावीच्या कितीतरी तुकड्यांना पाठ आहे. वार्षिक अहवाल मात्र सभासदांना छापून वाटलेलाच असतो, त्यामुळं तो बिनधास्त आणायला सांगा. तरी त्यात थकबाकीदारांची नावं असली तर ते पान काढून ठेवा. गाव लहान असतं.

सुरुवात करायला सप्टेंबर उत्तम. त्या महिन्यात वर्गात विचारा, कुणाकडं अहवाल आलाय. पहिल्या दिवशी दोन-तीन हात वर होतील, कारण बाकीच्यांना तो घरात आहे हेच माहीत नसतं. त्यांना डबे उचलून बघायला सांगा. यंदा माझ्याकडं एकोणीस जमले, त्यातल्या अकरांवर हळदीचे डाग. काल एका मुलीनं त्यातल्या एका ताळेबंदावर पेन्सिलीनं गोल केला : संशयित व बुडीत कर्ज निधी. "मॅडम, कर्ज संस्थेनं दिलेलं, बुडणार तेही संस्थेचंच, मग हा निधी देण्यांच्या बाजूला कसा?" घंटा झाली होती. मी तिला म्हटलं, उद्या ये, पण तोवर तूच दोन कारणं शोधून ठेव.