शोअर किती?

नव्या ग्राहकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, शोअर किती?" शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप; सत्तर म्हटलं की गडी खूश. भोसरीतल्या आमच्या टेस्टिंग रूममध्ये ड्युरोमीटर, म्हणजे हा कडकपणा मोजायचं उपकरण, टेकवायला दोन मिनिटं पुरतात, म्हणून तोच आकडा सगळ्यांचा लाडका. पण सत्तर शोअर खडू घालूनही आणता येतो. ताकद खडूने येत नाही.

एसबीआर हे कृत्रिम रबर घ्या. कार्बन, म्हणजे काजळीची पूड, न घालता शिजवलं (तापवून पक्कं केलं), तर दोन-तीन मेगापास्कल ताणालाच तुटतं. शंभर भाग रबराला पन्नास भाग चांगला बारीक कार्बन घाला, तेच वीसच्या पुढे जातं. नैसर्गिक रबराचं तसं नाही. ताणलं की त्याच्या साखळ्या ओळीत येऊन स्फटिक होतात, त्यामुळे कार्बनशिवायही ते दमदार. एसबीआरला मात्र कार्बनचाच आधार. एन-330 या जातीच्या कार्बनच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग साधारण ऐंशी चौरस मीटर भरतो, म्हणजे आपल्याकडचा ऐसपैस टू बीएचके. एवढ्या जागेला रबर चिकटून बसतं. पण म्हणून अजून कार्बन ओतत सुटलात, तर कडकपणा वाढतो, मात्र तुटेपर्यंतचा ताण आणि लांबी दोन्ही घसरतात. मिलवर, म्हणजे रबर मळायच्या रुळांवर, कार्बन नीट मिसळला नसेल तर कापलेल्या तोंडावर बारीक पुळ्या दिसतात, आणि डंबेल, म्हणजे चाचणीसाठी कापलेला तुकडा, बरोब्बर तिथूनच तुटतो.

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे मुलिन्स इफेक्ट. कार्बन घातलेली पट्टी दुप्पट लांबीपर्यंत ताणा, सोडा, पुन्हा ताणा. दुसऱ्या खेपेला जोर बराच कमी लागतो. आलेखाची रेघ खालून जाते आणि मघाचा ताण ओलांडला की परत जुन्या वाटेला लागते. कार्बनवरून साखळ्या निसटतात, कार्बनचे झुबके मोडतात, अशी कारणं देतात. भांडण अजून मिटलेलं नाही. मुलिन्स या शास्त्रज्ञांनी 1940 च्या दशकात इंग्लंडमध्ये यावर काम केलं. पट्टी ठेवून दिली तर थोडं भरून येतं, गरम केली तर जास्त.

परवा एका ग्राहकाची तक्रार आली, धक्के झेलणारे रबरी बुश मऊ आहेत. विचारलं, "कितव्यांदा दाबल्यावर मोजलंत?" पलीकडे शांतता. आम्ही पहिल्या दाबाला मोजलं होतं, त्यांनी चौथ्या. दोघांचेही आकडे खरे. किती वेळा दाबून मग मोजायचं, एवढी एक ओळ ड्रॉइंगवर टाकायला कुणाचं काय जातं?