जास्वंद गुलाबी का झाली: ग्रेस्केलमधून रंगाकडे जातानाची नोंद

मागच्या नोंदीत मी माझे संगणकावरचे वस्तुचित्र आधी करड्या छटांमध्ये (ग्रेस्केल) पूर्ण झाल्याचे लिहिले होते. चिंचेने घासून लख्ख केलेला पितळी तांब्या, त्याच्या पायाशी दोन लिंबे, बाजूला आडवे पडलेले तांबड्या जास्वंदीचे फूल आणि खाली घड्या पडलेली निळी चादर, एवढाच ऐवज आहे. या करड्या चित्रावर माझे नऊ तास गेले आणि ते मला इतके आवडले, की आता रंग चढवणे म्हणजे जेवणानंतर पान लावण्यासारखे हलके काम आहे, अशा थाटात मी पुढच्या रविवारी बसले. संध्याकाळपर्यंत पडद्यावर गुलाबी जास्वंद, शेवाळलेली लिंबे आणि जत्रेतल्या प्लास्टिकच्या खेळण्यासारखा दिसणारा तांब्या होता. त्यानंतरच्या पाच आठवड्यांत काय काय सुधारले आणि काय अजून बिघडलेलेच आहे, ते इथे क्रमवार नसले तरी सविस्तर मांडते.

साधनांबद्दल थोडक्यात सांगते. क्रिटा हे मोफत सॉफ्टवेअर, पडद्याशिवायचा साधा पेन टॅबलेट आणि ३००० बाय २४०० पिक्सेलचा कॅनव्हास. पहिला अर्धा तास मी एका क्षुल्लक चुकीत घालवला. फाइल तयार करतानाच मी तिचे कलर मॉडेल ग्रेस्केल निवडले होते, त्यामुळे लाल रंग उचलला तरी कॅनव्हासवर राखच उमटत होती. इमेज मेनूमधून फाइल आरजीबीमध्ये, म्हणजे लाल-हिरवा-निळा या तीन आकड्यांच्या रंगपद्धतीत, रूपांतरित केल्यावर हा प्रश्न मिटला. करड्यात काम करायचे असले तरी फाइल पहिल्यापासून आरजीबीच ठेवावी.

आता जास्वंदीकडे वळते, कारण सगळ्यात जास्त मी तिच्याकडून शिकले. पाकळ्यांवर खिडकीचे ऊन थेट पडत होते, म्हणून करड्या चित्रात मी त्यांना बरीच उजळ व्हॅल्यू, म्हणजे उजळपणाचा आकडा, दिली होती: ० (काळा) ते २५५ (पांढरा) या मापात साधारण २०४. त्यावर शुद्ध लाल रंगाचा थर ओव्हरले मोडमध्ये टाकला (मोड म्हणजे वरचा थर खालच्या थरात कसा मिसळायचा याची पद्धत), तेव्हा पाकळ्या बाळाच्या झबल्यासारख्या गुलाबी झाल्या. प्रथम मला वाटले की मी लाल चुकीचा निवडला, म्हणून मी आणखी गडद, आणखी किरमिजी असे चार लाल बदलून पाहिले. गुलाबीची जात बदलली, गुलाबीपणा गेला नाही. शेवटी वही काढून ओव्हरलेचे गणितच मांडले. खालचा करडा ५० टक्क्यांहून उजळ असेल तर हा मोड स्क्रीन या मोडप्रमाणे उजळवतो, गडद असेल तर मल्टिप्लाय या मोडप्रमाणे काळवंडवतो. त्यामुळे २०४ च्या करड्यावर शुद्ध लाल ठेवला की उत्तर येते २५५, १५३, १५३, म्हणजे सरळसरळ गुलाबी. १२८ च्या करड्यावर तोच लाल जवळजवळ शुद्ध लाल राहतो आणि ५१ च्या करड्यावर तो १०२, ०, ० असा सुकलेल्या रक्ताच्या रंगाचा होतो. कलर मोडने पाहिले तरी सुटका नव्हती, कारण तो मोड खालचा उजळपणा जसाच्या तसा राखतो, आणि एवढा उजळ पण तरीही भडक असा लाल पडद्यावर अस्तित्वातच नाही.

हे शेवटचे वाक्य मला फार उशिरा उमगले. एसआरजीबी या पडद्यांच्या प्रमाण रंगव्यवस्थेच्या मर्यादेत शुद्ध पिवळ्याचा उजळपणा शंभरपैकी सुमारे ९७ असतो, लालचा सुमारे ५३ आणि निळ्याचा सुमारे ३२. म्हणजे प्रत्येक रंग एका ठरावीक उजळपणालाच पूर्ण तेजाने नांदतो, त्याच्या वर नेला की फिकटतो आणि खाली नेला की काळवंडतो. तांबडी जास्वंद उन्हात असली तरी तिचा उजळपणा मध्यमच असायला हवा, आणि तिचे ऊन दिसायला हवे ते तिच्या शेजारच्या सावलीच्या तुलनेत. मी मात्र करड्यात काम करताना ‘उन्हातले ते पांढरट’ हा एकच नियम फुलाला, लिंबाला आणि चादरीला सरसकट लावला होता. चित्र करडे असताना ते सुंदर दिसत होते यात शंका नाही, पण ते एका पांढऱ्या जास्वंदीचे सुंदर चित्र होते. दुसऱ्या आठवड्यात मी पाकळ्यांची व्हॅल्यू १३० च्या आसपास खाली आणली, फक्त मुडपलेल्या कडांना उजळ ठेवले, आणि तोच पहिला लाल पुन्हा टाकला. या वेळी फूल तांबडे झाले.

या गोंधळाला आणखी एक गोष्ट कारणीभूत होती. छायाभेद तपासण्यासाठी मी सर्वांत वर एक काळा थर ठेवते आणि त्याचा मोड कलर करते, म्हणजे खालचे रंगीत चित्र क्षणात करडे दिसते. क्रिटामध्ये कलर या नावाचे एकाहून अधिक मोड आहेत आणि माझ्या हाताला लागला होता तो एचएसएल (रंगछटा, भडकपणा आणि उजळपणा मोजण्याची एक पद्धत) प्रकारचा. या पद्धतीत शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा या दोघांचाही उजळपणा ५० टक्के धरला जातो. साहजिकच माझे लिंबू आणि त्याखालची चादर तपासणीत एकाच राखेची दिसू लागली, आणि मी इमानेइतबारे लिंबू उजळवत आणि चादर काळी करत बसले. डोळा असा हिशेब करत नाही. हिरव्याचा उजळपणा आपल्याला सर्वाधिक जाणवतो आणि निळ्याचा सर्वांत कमी. दूरचित्रवाणीच्या बीटी.७०९ या प्रमाणात लालला ०.२१२६, हिरव्याला ०.७१५२ आणि निळ्याला अवघे ०.०७२२ इतके वजन दिले आहे ते त्यामुळेच. क्रिटाच्या डीसॅच्युरेट या रंग काढून टाकणाऱ्या फिल्टरमध्ये हा पर्याय बीटी.७०९ याच नावाने नोंदवलेला आहे. आता मी तपासणीचा थर एचएसवाय या, डोळ्याचा हा हिशेब धरणाऱ्या, प्रकारातला वापरते आणि शंका आली तर चित्राची प्रत काढून तिच्यावर हा फिल्टर चालवून पाहते. ज्यांची रंगीत चित्रे करड्यात बरोबर आणि रंगात विचित्र दिसतात, त्यांनी आधी आपली तपासणी कोणत्या पद्धतीने होते ते पाहावे, ब्रश नंतर बदलावा.

लिंबांची कथा मला थेट शाळेत घेऊन गेली. इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेच्या तयारीत स्थिरचित्र रंगवताना सावलीसाठी मी त्याच पोस्टर कलरमध्ये काळा मिसळत असे, आणि पिवळ्यात काळा पडला की तो हटकून हिरवट होतो. आमचे चित्रकलेचे सर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “अगं, हे लिंबू आहे की कैरी?” त्यानंतर इतकी वर्षे लोटली, साधन बदलले, तरी मल्टिप्लाय मोडमध्ये मी तीच चूक केली. २५०, २२०, ४० हा लिंबाचा पिवळा १२८ च्या करड्यावर मल्टिप्लाय केला, की सुमारे १२५, ११०, २० असा रंग तयार होतो, आणि तो शेवाळी असतो. त्याचे कारण असे की मल्टिप्लाय रंगाची जात बदलत नाही, फक्त त्याला काळोखात ढकलतो, आणि काळोखातला पिवळा आपल्या डोळ्याला पिवळा वाटतच नाही. त्यामुळे लिंबाच्या छायेत जाताना रंगालाच नारिंगीकडे, मग तपकिरीकडे वळवावे लागले. प्रकाश संपून छाया सुरू होते त्या कडेवर मी बोटभर रुंदीची, बऱ्यापैकी भडक नारिंगी पट्टी ओढली आणि तिच्या पलीकडच्या छायेत चादरीचा निळा अगदी थोडा मिसळला. ती पट्टी झूम करून पाहिली तर अतिशयोक्त वाटते, पण पूर्ण चित्र पाहताना लिंबाची साल रसाने भरलेली वाटते ती तिच्यामुळेच. एवढ्या एका पट्टीवर माझे दोन संध्याकाळचे काम गेले आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

तांब्याने मात्र माझी खरी परीक्षा पाहिली. लिंबावरची चमक आणि पितळेवरची चमक या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत, हे मला पुस्तकी ज्ञान म्हणून ठाऊक होते, हाताला ठाऊक नव्हते. लिंबाच्या सालीच्या पृष्ठभागावरून प्रकाश उसळतो तेव्हा तो लिंबाचा रंग घेत नाही, म्हणून तिथला ठिपका खिडकीच्या प्रकाशाच्याच रंगाचा असतो. पितळ हा तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे. तो निळा प्रकाश कमी आणि पिवळा-तांबडा जास्त परत पाठवतो, त्यामुळे त्याची चमकही पिवळी असते. करड्या चित्रात मी दोन्ही चमकांना शुद्ध पांढरा, २५५, देऊन टाकला होता. शुद्ध पांढऱ्यावर ओव्हरले किंवा कलर यांपैकी काहीच चढत नाही, तो पांढराच राहतो, आणि पांढऱ्या चमकेचे पिवळे भांडे म्हणजे प्लास्टिक. म्हणून आता कोणत्याही करड्या चित्रात मी २२५ च्या वर आणि ३० च्या खाली जात नाही. टोकाचे पांढरे-काळे अगदी शेवटी, रंगासह येतात.

तांब्यासाठी ग्रेडियंट मॅप कामी आला. हा फिल्टर प्रत्येक करड्या व्हॅल्यूला आपण ठरवलेल्या पट्ट्यातला एक रंग देतो. मी पट्टा असा लावला: तळाला जळका तपकिरी, मग तांबूस विटकरी, मग सोनेरी पिवळा आणि वर दुधावरच्या सायीसारखा फिकट पिवळा. तो फक्त तांब्याच्या थरावर फिल्टर मास्क म्हणून बसवला आणि दहा मिनिटांत प्लास्टिकचे पितळ झाले. या फिल्टरची शिफारस मी जरूर करेन, पण एका वेळी एकाच वस्तूवर. संपूर्ण चित्रावर तो लावला की सगळे एकाच सॉसमध्ये बुडवल्यासारखे दिसते.

त्यातूनही एक उणीव राहिली. तांब्याच्या पोटावर जास्वंदीचे प्रतिबिंब पडत होते, आणि करड्या चित्रात त्या प्रतिबिंबाची व्हॅल्यू आणि शेजारच्या छायेची व्हॅल्यू तंतोतंत एक होती. ग्रेडियंट मॅपने दोघांना एकच विटकरी रंग दिला आणि फुलाचे प्रतिबिंब नाहीसे झाले. तिथे मला सगळ्या प्रकरणाचे मूळ दिसले. करड्या ठिपक्यात एकच आकडा असतो, रंगीत ठिपक्यात तीन. बाकीचे दोन आकडे कोणताही मोड पदरचे घालून आणू शकत नाही, ते समोरच्या वस्तूकडे पाहूनच भरावे लागतात. मी नॉर्मल मोडचा एक कोरा थर वर घेतला आणि लांबट, तिरका, पोटाच्या गोलाईनुसार वाकलेला तांबडा डाग सरळ हाताने रंगवला. तो रंग फुलापेक्षा अधिक नारिंगी आणि किंचित गडद ठेवावा लागला, कारण तो पितळेतून गाळून येतो. गळ्याखालच्या खोबणीत चादरीचा निळा पितळेत मिसळून हिरवट करडा झाला होता, तोही तसाच घातला. करड्या चित्रात याची चाहूलही नव्हती.

काहींचे म्हणणे असते की मग करड्यातून सुरुवातच कशाला करायची. मला ते पटत नाही, पण माझी पद्धत मी बदलली आहे. युरोपातील तैलचित्रकार करड्या किंवा मातकट तळावर पारदर्शक रंगांचे थर चढवत, हे आपण सगळेच ऐकतो आणि त्या परंपरेचा आधार घेतो. मात्र त्यांचा तळ नेहमी निर्विकार करडा नसे, हे सहसा सांगितले जात नाही. इटलीतील चित्रकार मानवी त्वचेखाली हिरवट करडा थर देत, त्याला व्हर्डाच्चो म्हणतात, आणि वरचा गुलाबी त्या हिरव्याच्या शेजारी अधिक जिवंत दिसे. म्हणजे रंगाचा विचार तळापासूनच सुरू असे. तो धागा धरून चौथ्या आठवड्यात मी चादरीचा भाग नव्याने केला. करड्याऐवजी कोमट तपकिरीत छायाभेद मांडले आणि वरचा निळा सुमारे ७० टक्के अपारदर्शकतेने टाकला, तर घड्यांच्या छायेत तपकिरी डोकावत राहिला आणि पूर्वीचा मेलेला निळा जरा हलला. शिवाय करडे चित्र मी आता नऊ तास घासत बसत नाही. वस्तूंचे आकार आणि उजेड-छायेची विभागणी नक्की झाली, की दोन-अडीच तासांत तिथून उठते. जितके जास्त सजवावे तितका त्याचा मोह जडतो आणि जास्वंदीच्या पाकळ्या खाली आणताना हात कचरतो.

पुढचे चित्र समईच्या उजेडातले घ्यायचे ठरवले आहे. सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ज्योतीपुढे आडव्या धरलेल्या हाताची बोटे त्यात आतून तांबूस उजळलेली दिसतात. तो तांबडा करड्यात कोणत्या व्हॅल्यूला ठेवायचा, याचे सराव मी स्वतःच्या हातामागे मोबाइलचा टॉर्च धरून सुरू केले आहेत, आणि आतापर्यंतच्या सहाही प्रयत्नांत बोटे गाजरासारखी आली आहेत.

प्रस्तुत चित्रात उजवीकडच्या लिंबाची चादरीला टेकणारी कड अजून बसलेली नाही. तिथे चादरीवर पिवळ्याची झाक यायला हवी, आणि निळ्यावर पिवळा मी पाहिलेल्या मोडांपैकी कोणत्याही मोडने टाकला तरी हिरवा डाग उमटतो. चादर तिथे निळी राहीलच असे नाही, कदाचित केवळ कमी निळी, म्हणजे करडीच, ठेवणे पुरेल. येत्या शनिवारी चारच्या उन्हात तीच चादर आणि ताजे लिंबू पुन्हा खिडकीत मांडून पाहणार आहे.